आधी जबडा सोडा, मग पळा : स्प्रिंट आणि उडीत अंग सैल ठेवायला कसं शिकायचं

कुठल्याही तालुक्याच्या मैदानावर सकाळी सहाला जाऊन १०० मीटरची ट्रायल बघा. पहिले तीस-चाळीस मीटर सगळी पोरं बरी पळतात आणि मग एकेकाचं सुरू होतं, मान आखडते, खांदे कानाला लागतात, मुठी आवळतात, दात-ओठ खाऊन चेहरा वाकडा होतो, आणि कडेला उभा असलेला कुणीतरी मामा नाहीतर सर ओरडत असतो, "अरे जोर लाव, जोर!" पोरगं बिचारं अजून जोर लावतं आणि अजून हळू होतं. पोलीस भरतीवाल्यांचं तर विचारूच नका. तिथे मैदानी चाचणीच्या ५० पैकी १५ मार्क १०० मीटरला असतात, गेल्या काही भरत्यांत मुलांना साडेअकरा सेकंदांच्या आत आलं तरच पूर्ण १५ मिळायचे, त्याच्या पुढे घसरलं की एकदम तीन मार्क गेले. एवढं सगळं टांगणीला लागलेलं असताना अंग आखडणारच की.

तर हा लेख अशांसाठी आहे, शिवाय शाळा-कॉलेजच्या स्पर्धेत नव्याने उतरणाऱ्यांसाठी, आणि सरावात पाच मीटर उडी मारून स्पर्धेत साडेचारवर अडकणाऱ्यांसाठी. माझं म्हणणं एवढंच आहे की सैल राहणं हे शिकावं लागतं, ब्लॉक स्टार्ट (पायाला टेकू देणाऱ्या ठोकळ्यांवरून सुटणं) शिकतो तसं. "अमका मुळातच कूल आहे" असं म्हणून सोडून देऊ नका. आणि शिकायची पद्धत अशी की आधी कमी वेगात शिकायचं आणि मग चेहरा सैल राहतोय तेवढाच वेग वाढवत न्यायचा, जबडा आवळला की समजायचं आजची आपली मर्यादा इथे आली.

आखडल्यावर वेग जातो कुठे

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आपले स्नायू जोडीने काम करतात. गुडघा वर येताना मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगने सोडायचं असतं, आणि पाय खाली-मागे ओढायचा तेव्हा हॅमस्ट्रिंगने आवळायचं आणि पुढच्याने सोडायचं. चांगला धावपटू सेकंदाला चार-साडेचार पावलं टाकतो, त्यात पाय जमिनीला टेकलेला असतो तो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. म्हणजे एका पायाचा पूर्ण फेरा अर्ध्या सेकंदाच्या आत उरकतो आणि तेवढ्यात प्रत्येक स्नायूला आवळायचं, सोडायचं, परत आवळायचं असतं. आवळणं सगळ्यांना जमतं. वेळेवर सोडणं जमत नाही, मग दोन्ही बाजूचे स्नायू एकाच वेळी ओढायला लागतात, आपण दमतो भरपूर आणि पुढे सरकतो कमी.

पटत नसेल तर आत्ता बसल्या जागी करून बघा. एक हात टेबलावर ठेवा, मूठ आणि दंड घट्ट आवळा आणि तसंच आवळून पहिल्या बोटाने टेबलावर जमेल तेवढ्या झटपट टकटक करा, दहा सेकंद, आणि किती झाल्या ते मोजा. मग हात झटकून मोकळा सोडा आणि परत तेच करा. आकडा किती वाढला ते तुमचं तुम्हालाच दिसेल, कुणाच्या सांगण्याची गरज नाही.

आता दुसरी गोष्ट, १०० मीटरच्या शेवटी कुणीच वेग वाढवत नसतो. उसेन बोल्टने २००९ ला बर्लिनमध्ये ९.५८ केला, त्या रेसमध्ये त्याचे ६० ते ८० हे २० मीटर १.६१ सेकंदात झाले आणि शेवटचे २० मीटर १.६६ ला. म्हणजे जगातल्या सगळ्यात फास्ट रेसमध्येसुद्धा शेवटी वेग किंचित उतरलाच. आपल्याला टीव्हीवर वाटतं की हा मागून येऊन सुसाट सुटला, खरं तर बाकीचे जास्त मंदावलेले असतात आणि हा कमी. १९९१ ला टोकियोत कार्ल लुईसने असंच केलं, अर्ध्यापर्यंत तो मागे होता आणि शेवटच्या टप्प्यात बरेल आणि मिचेल या आपल्याच देशाच्या दोघांना गाठून ९.८६ चा तेव्हाचा विश्वविक्रम केला. त्या रेसचा स्लो मोशन मिळाला तर लुईसचे गाल बघा, पूर्ण वेगात हलत असतात. अलीकडचं हवं असेल तर पॅरिस ऑलिम्पिक २०२४ ची फायनल काढा, नोआ लाइल्स ३० मीटरला आठात शेवटचा होता आणि किशेन थॉम्पसनला त्याने ५ मिलीसेकंदांनी हरवलं. तीस मीटरला शेवटचे आहोत हे कळल्यावर तुम्ही-आम्ही काय केलं असतं ते सांगायला नको.

नवशिक्या मुलाचा सगळ्यात जास्त वेग ३० ते ४० मीटरलाच येऊन जातो. म्हणजे उरलेले ६० मीटर तो वेग सांभाळायचाच धंदा आहे, आणि आखडून तो सांभाळता येत नाही.

पण सैल म्हणजे ढिलं नाही

इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. "रिलॅक्स राहा" सांगितलं की काही पोरं कंबरेत बसून, पाय फताड्यासारखे टाकत पळायला लागतात, आणि मग सर म्हणतात बघा, रिलॅक्सने हळू होतो. अहो, काही गोष्टी घट्टच हव्यात. पोट-कंबर ताठ हवी. पाय जमिनीला लागतो त्या क्षणी घोटा कडक हवा, हवा भरलेला चेंडू टप्पा खातो आणि हवा गेलेला जमिनीला चिकटतो तसा सगळा हिशोब आहे. लांब उडीत टेकऑफचा, म्हणजे ज्याच्यावरून उडी घेतो तो पाय तर आख्खाच कडक लागतो, नाहीतर गुडघा दुमडतो आणि उंची जाते.

सैल कुठे राहायचं? कपाळ, जबडा, मान, खांदे, हाताचे पंजे, आणि हवेत असलेला पाय. या यादीत जबडा आणि पंजे मी सगळ्यात महत्त्वाचे मानतो, कारण तिथला ताण पळताना आपल्याला जाणवू शकतो आणि सोडता येतो. हॅमस्ट्रिंगला "सोड" म्हणून कुणी सांगू शकत नाही, जबड्याला सांगता येतं, आणि जबडा सुटला की मान सुटते, मान सुटली की खांदे खाली येतात, मग हात मोकळे हलतात आणि हात मोकळे असले की पाय त्यांच्या तालात येतात.

पहिली पायरी : स्वतःला बघा

मोबाइल आहेच सगळ्यांकडे. मित्राला ५० मीटरच्या खुणेजवळ आडवं उभं करा आणि स्लो मोशनमध्ये तुमची एक जोरातली रन काढायला लावा, मग अजून एक समोरून, फिनिशच्या मागे उभं राहून. दोनच व्हिडिओ पुरे. बघताना पाय बघू नका, पायाकडे सगळेच बघतात. मानेच्या शिरा ताठ दिसतायत का, दात दिसतायत का, हनुवटी वर गेली का, खांदे आणि कान यांच्यात अंतर उरलंय का, हात छातीसमोर एकमेकांना ओलांडतायत का. आणि हे नक्की कितव्या मीटरला सुरू होतं ते बघा. बहुतेकांचं ठरलेलं असतं, कुणाचं चाळिशीला तर कुणाचं बाजूच्या लेनमधला पुढे गेला की लगेच. दुसऱ्या प्रकारच्यांनी एकट्याने पळून काढलेला व्हिडिओ बघून खूश होऊ नये, शेजारी आपल्यापेक्षा थोडा फास्ट पळणारा घ्या आणि मग शूट करा.

हा व्हिडिओ डिलीट करू नका, पुढे लागेल.

दुसरी पायरी : झोपून शिका

हसू नका, खरंच. एडमंड जेकबसन नावाचा अमेरिकन डॉक्टर होता, त्याने शंभरेक वर्षांपूर्वी एक साधी पद्धत मांडली, एकेक स्नायू आधी मुद्दाम आवळायचा आणि मग सोडायचा, म्हणजे ताण आणि सैल यातला फरक अंगाला कळतो. बड विंटर नावाचा कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेचा कोच होता, त्याने दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या वैमानिकांना ताण सोडायला शिकवलं आणि युद्धानंतर तेच आपल्या धावपटूंना शिकवलं. त्याच्या हाताखालचे टॉमी स्मिथ आणि ली इव्हान्स १९६८ ला मेक्सिकोत अनुक्रमे २०० आणि ४०० मीटरचं सुवर्ण घेऊन आले, दोघेही विश्वविक्रमासकट, १९.८३ आणि ४३.८६. म्हणजे हे काही परवाचं इन्स्टाग्रामचं फॅड नाही.

करायचं असं. रात्री गादीवर शवासनात पडा. पायाच्या बोटांपासून सुरुवात, पाच सेकंद जोरात आवळा, मग एकदम सोडा आणि दहा-पंधरा सेकंद नुसतं पडून राहा. मग पोटरी, मांडी, पार्श्वभाग, पोट, मुठी, दंड, खांदे कानापर्यंत ओढून सोडा, आणि शेवटी चेहरा, दात आवळा, डोळे मिटून घट्ट करा, कपाळाला आठ्या घाला, सोडा. जीभ टाळूला चिकटलेली असते बहुतेक वेळा, तीही खाली सोडा. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या. दहा मिनिटांचं काम आहे, निम्मी पोरं अर्ध्यात झोपतात, झोपू दे.

दोन आठवडे रोज केल्यावर एक बदल दिसतो, दिवसभरात मध्येच जाणवायला लागतं की अरे, आपण आत्ता उगाच दात आवळून बसलोय. बसमध्ये, पेपर लिहिताना, मोबाइलवर मॅच बघताना. जाणवलं की सोडायचं. हीच सवय पुढे ६० व्या मीटरला कामी येते, तिथे विचार करायला वेळ नसतो.

तिसरी पायरी : हात

जमिनीवर पाय सरळ पसरून बसा, पाठ ताठ, कोपर साधारण काटकोनात. हात पळताना हलवतो तसे हलवा, पंजा पुढे गालाच्या उंचीपर्यंत आणि मागे खिशाच्या पलीकडे. आधी अगदी हळू, मग वाढवत वाढवत फास्ट, मग परत हळू. फास्ट करताना बूड जमिनीवर टपटप आपटायला लागेल ते चालेल. लक्ष कशावर ठेवायचं तर खांदा खाली आहे का आणि पंजा मोकळा आहे का यावर. २० सेकंद करा, हात झटका, परत, असं तीन-चार वेळा. कोपराचा कोन फार धरून ठेवू नका, मागे जाताना तो थोडा उघडतो, उघडू द्या, काही जण काटकोन राखण्याच्या नादातच सगळा हात लाकडी करून टाकतात.

पंजासाठी जुनी युक्ती आहे, अंगठा आणि पहिल्या बोटात बटाट्याचा एकेक वेफर धरून ६० मीटर पळायचं. वेफर मोडला नाही पाहिजे आणि पडलाही नाही पाहिजे. लहान पोरांना हे प्रचंड आवडतं, फक्त वेफर पळायच्या आधीच संपतात. पाकीट सरांनी स्वतःकडे ठेवावं.

पंजा उघडा ठेवायचा की हलकी मूठ, यावर लोक वाद घालतात. मला दोन्ही चालतं. बोटं ताणून भाल्यासारखी सरळ केलेली मात्र नको, तोही ताणच आहे.

चौथी पायरी : स्ट्राइड्स, आणि इथे घाई करू नका

सगळं खरं शिक्षण इथे होतं. आधी १५-२० मिनिटं नीट वॉर्मअप, हलकं जॉगिंग, पाय झुलवणं, स्किपिंग, हाय नी (गुडघे उंच उचलत पळणं). मग ६०-८० मीटरच्या स्ट्राइड्स, म्हणजे पूर्ण जोर न लावता मोकळ्या पावलांनी मारायच्या रन, शक्यतो गवतावर किंवा मऊ मातीवर. पहिली अंदाजे ६० टक्के जोराने, दुसरी ७०, तिसरी ८०. टक्के मोजायला काही यंत्र नाही, अंदाजच आहे, आणि त्या अंदाजाची चाचणी तुमचा चेहरा. प्रत्येक रनमध्ये एकच गोष्ट डोक्यात ठेवा, आज जबडा, पुढच्या रनला खांदे. एका रनमध्ये चार सूचना घेऊन पळणारा हमखास आखडतो.

चालत परत या, पूर्ण दम येऊ द्या. ६० मीटर जोरात पळालात तर पाच-सहा मिनिटं विश्रांती, ढोबळ हिशोब असा की जोरात पळालेल्या दर १० मीटरला एक मिनिट. आपल्याकडे मैदानावर हे कुणाला पटत नाही, "एवढं बसून काय राहिलास" म्हणतात. पण दमलेल्या अंगाने वेगाचा सराव केला की अंग आखडूनच पळायला शिकतं, आणि वर हॅमस्ट्रिंग ओढला जायची भीती. स्टॅमिना वेगळ्या दिवशी करा.

दोन-तीन आठवड्यांनी यात "फ्लोट" घाला. २० मीटरवर एकेक खूण करा, फक्की नसेल तर चपला ठेवा. पहिले २० मीटर जोर लावून वेग घ्या, पुढचे २० जोर काढून घ्या पण वेग पडू देऊ नका, नुसतं वाहत जा, आणि शेवटचे २० परत जोर. मधल्या पट्ट्यात काय होतं ते लक्ष देऊन बघा, पुष्कळांना पहिल्यांदाच कळतं की जोर कमी केला तरी वेग फारसा उतरला नाही, उलट जरा सोपं वाटलं. घड्याळ लावणारा कुणी असेल तर मधले आणि शेवटचे २० मीटर वेगवेगळे मोजायला लावा. हाताने दाबायच्या घड्याळात एवढ्या कमी अंतराला चूक बरीच होते, त्यामुळे एका आकड्यावर नाचू नका, चार-पाच रनचं बघा.

त्यानंतर फ्लाइंग २०, म्हणजे ३० मीटर हळूहळू वेग घ्यायचा आणि पुढचे २० मीटर पूर्ण वेगात. पूर्ण वेग म्हणजे जबडा सैल असताना येणारा पूर्ण वेग. चारपेक्षा जास्त नको, आठवड्यातून दोन दिवस पुष्कळ झाले. मांडीमागे चिमटा बसल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा, "अजून एकच" करू नका, त्या अजून एकात महिना जातो.

एक राहिलं, ओरडणं. शेजारी उभं राहून "रिलॅक्स! रिलॅक्स!" असं बेंबीच्या देठापासून ओरडणारे कोच आणि पालक मी इतके पाहिलेत की काय सांगू. त्याने माणूस रिलॅक्स होत नाही, दचकतो. जे सांगायचं ते रनच्या आधी, हळू आवाजात, एका शब्दात.

पाचवी पायरी : स्टार्ट

स्टार्टला मात्र जोर लावायचाच असतो, ढकलायचंच असतं, पहिल्या दहा-पंधरा मीटरमध्ये वाहत जाणं वगैरे काही नसतं. फरक एवढाच की जोर पायात हवा, चेहऱ्यात नको. "ऑन युवर मार्क्स"ला ब्लॉकमध्ये बसण्याआधी एक लांब श्वास सोडा, हात झटका, मान खाली लोंबू द्या. "सेट"ला कंबर वर गेली की फिनिश लाइनकडे बघण्याचा मोह होतो, त्याने मान मागे दुमडते आणि पाठ आखडते, नजर खालीच लाइनच्या थोडी पुढे ठेवा. सेटला क्षणभर श्वास धरला जातो तो धरला जाऊ दे, त्यात लुडबुड नको, गन झाली की आपोआप सुटतो.

गनची वाट बघताना "आत्ता होईल, आत्ता होईल" असं मनात सुरू झालं की अंग गनच्या आधीच निघतं. २०११ ला दाएगूच्या वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनलमध्ये खुद्द बोल्ट फॉल्स स्टार्टवर बाद झाला आणि योहान ब्लेकने सुवर्ण नेलं. लक्ष आवाजावर ठेवण्यापेक्षा पहिल्या हालचालीवर ठेवा, मला माझा हात झटकन पुढे न्यायचाय, बस. पोलीस भरतीत ब्लॉक नसतात, उभं राहूनच स्टार्ट असतो, तिथेही हेच, पुढचा पाय भरवशाने टेकलेला, मुठी उघड्या, आणि शेजारच्याकडे बघायचं नाही.

लांब उडी

लांब उडीत आखडायची जागा ठरलेली आहे, शेवटची चार-पाच पावलं. जिच्यावरून उडी घ्यायची ती फळी जवळ आली की पोरगं फळीकडे बघतं, आणि बघितलं की एक तर बारीक बारीक पावलं टाकायला लागतं नाहीतर लांब ढांग टाकून फळी गाठायला जातं. दोन्हीत ब्रेक लागतो. फळी जेमतेम २० सेंटिमीटर रुंद, तिच्यावर पाय पडेल की नाही ही धास्ती खरी आहे, पण ती फळीपाशी सोडवता येत नाही, रनअपच्या सुरुवातीला सोडवावी लागते.

म्हणून पिटपासून (वाळूच्या खड्ड्यापासून) लांब, साध्या ट्रॅकवर रनअप बसवा. नवीन असाल तर १० ते १२ पावलं पुरे, मोठ्या खेळाडूंचा १८-२२ पावलांचा रनअप बघून नक्कल करू नका, तेवढ्या अंतरात तुमचा वेग येऊन उतरूनसुद्धा जातो. एकाच जागेवरून, एकाच पद्धतीने, उभ्या स्टार्टने निघा, आधी चालत येऊन, उडी मारून, केस सावरून असली नाटकं नकोत, कारण रनअपचा गोंधळ बहुतेक वेळा पहिल्या तीन-चार पावलांतच झालेला असतो. दहावं किंवा बारावं पाऊल कुठे पडतंय ते मित्राने बघून खूण करायची. पाच-सहा वेळा साधारण एकाच ठिकाणी पडायला लागलं की टेपने मोजा आणि मग ते माप रनवेवर न्या. तिथे नजर पिटच्या पलीकडे, झाडाच्या शेंड्यावर वगैरे, फळीवर नाही. पाय कुठे पडला हे बघायचं काम मित्राचं. फाउल झाला, म्हणजे पाय फळीच्या पुढे पडला, तर तो सांगेल, मग निघायची खूण मागे न्या, पावलं बदलू नका. उलट वारा असला की तीच खूण थोडी पुढे आणावी लागते, हे स्पर्धेच्या दिवशी वॉर्मअपमध्येच बघून घ्या.

शेवटून दुसरं पाऊल किंचित लांब आणि शेवटचं किंचित आखूड पडतं, त्यात कंबर थोडी खाली जाऊन वर येते. हे माहीत असू द्या पण रनअपमध्ये त्याचा विचार नको. ते शिकायला चार-सहा पावलांच्या आखूड रनअपने उड्या मारा, कमी वेगात, पायाचा आवाज ऐकत, शेवटची दोन पावलं "टप-टप" अशी झटपट ऐकू आली पाहिजेत. कमी वेगात चेहरा सैल ठेवून हे जमलं की दोन पावलं वाढवा, परत जमलं की अजून दोन. तिहेरी उडीला पण हाच नियम लावा. तिथे ताल सगळ्यात महत्त्वाचा, आणि पहिल्या टप्प्याला, हॉपला, जीव खाऊन उंच जाणाऱ्याचा पुढचा टप्पा, स्टेप, कोसळतोच.

हवेत गेल्यावर काय करायचं हा प्रश्न सगळे विचारतात. सुरुवातीला काही नाही. छाती वर, हात वर, आणि उतरताना हात-पाय पुढे.

उंच उडी

इथे ताणाचं मूळ भीती आहे आणि ती रास्त आहे, पाठीवर पडायचंय. पाठीखाली काय आहे याचा भरवसा असल्याशिवाय कुणाचंही अंग कमान घेत नाही, कितीही रिलॅक्स म्हणा. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे, २०२५ ला टोकियोच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये २.२८ मीटर मारून सहावा आला, तो लहानपणी मक्याचा भुसा भरून केलेल्या गादीवर शिकला. सांगायचा मुद्दा, गादी कंपनीची नसली तरी चालेल पण भरवशाची हवी. जिथे फोमची जाड गादी नाही तिथे फॉस्बरी (बारवरून पाठ करून जायची ही पद्धत) करूच नका, वाळूत तर मुळीच नाही, कात्री पद्धतीने, म्हणजे एकामागून एक पाय बारवरून नेत, उडी मारा, रनअप आणि टेकऑफ दोन्ही त्यातही शिकता येतं.

गादी असेल तर क्रम असा. गादीकडे पाठ करून उभं राहा, दोन्ही पायांवर वर उडी, डोकं मागे, कंबर वर, आणि पाठीवर पडा. बार नको, काहीच नको. हे कंटाळा येईपर्यंत करा, कंटाळा आला म्हणजे भीती गेली. मग बारऐवजी इलास्टिकची दोरी लावा, ती अंगाला लागली तरी दुखत नाही. मग चार-पाच पावलांचा गोल रनअप, मग पूर्ण, आठ-दहा पावलांचा, पहिली सरळ आणि शेवटची चार-पाच वळणावर. वळणावर अंग आतल्या बाजूला झुकलेलं राहू द्या, बार दिसला की पोरं सरळ होतात आणि वेग मारतात, मग उडी वर न जाता बारवर जाते. हनुवटी छातीला लावायची ती कंबर पार झाल्यावर, आधी लावली की कंबर बसते. मान आखडलेल्याचं हे नेहमी आधीच होतं.

खरा बार लावाल तेव्हा सहज जाणाऱ्या उंचीपेक्षा २०-२५ सेंटिमीटर खालून सुरू करा.

स्पर्धेचा दिवस

लांब उडीत पहिल्या तीन उड्या आणि पहिल्या आठात आलात तर अजून तीन. नाव पुकारल्यावर एक मिनिट मिळतं, नवीन पोरं दहाव्या सेकंदाला पळत सुटतात. मिनिट तुमचं आहे. खुणेवर उभं राहा, खांदे कानापर्यंत ओढून सोडा, लांब श्वास सोडा, जबडा सोडा, निघा. हाच क्रम सरावातही प्रत्येक उडीआधी करायचा, स्पर्धेसाठी वेगळं काही राखून ठेवलं की ते तिथे आठवत नाही.

दोन उड्यांच्या मध्ये उन्हात उभं राहून दुसऱ्यांचे आकडे मोजत बसू नका. युक्रेनची यारोस्लावा माहुचिख, २.१० मीटरचा महिला विश्वविक्रम तिच्या नावावर आहे, ती दोन उड्यांच्या मध्ये चक्क स्लीपिंग बॅगमध्ये शिरून आडवी पडते, पॅरिसला ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं तेव्हाही पडली होती. आपण झाडाखाली टॉवेल अंथरून पडलो तरी चालतं. फक्त नाव यायच्या चार-पाच मिनिटं आधी उठा, दोन हलक्या स्ट्राइड्स मारा, थंड अंगाने उडी मारू नका.

स्प्रिंटवाल्यांनी हीटमध्ये (प्राथमिक फेरीत) शेवटच्या २० मीटरला आपला एक ठरवलेला शब्द मनात म्हणावा, "गाल" म्हणा, "सोड" म्हणा, काहीही. शेजारचा पुढे गेला की तोच शब्द परत. पहिल्या एक-दोन स्पर्धांत तो शब्द आठवणारच नाही, लाइन ओलांडल्यावर आठवेल, त्यात काही बिघडत नाही.

किती दिवसांनी फरक पडतो

साधारण सहा आठवडे धरा. सहा आठवड्यांनी त्याच जागेवरून, त्याच शेजाऱ्याबरोबर, परत तोच व्हिडिओ काढा आणि जुन्याशेजारी लावून बघा. वेळ सुधारलेली असेलच असं नाही, पण आखडण्याची जागा पुढे सरकलेली दिसली पाहिजे, चाळिसाव्या मीटरला होणारं साठाव्याला गेलं तरी बरोबर चाललंय. अजिबात सरकली नसेल तर बहुतेक तुम्ही स्ट्राइड्स फार जोरात मारताय, परत ७० टक्क्यांवर या आणि तिथून चढा.

पावसाळ्यात मातीचा ट्रॅक चिकट होतो, पाय घसरायच्या भीतीनेच अंग आवळतं, तेव्हा ओल्यात पूर्ण वेगाचं काही करू नका. व्हरांड्यात बसून हातांची ड्रिल, झोपून ताण सोडणं, आणि पार्किंगमध्ये किंवा शाळेच्या हॉलमध्ये सहा पावलांच्या रनअपचा ताल, एवढं चालू ठेवा. गणपतीनंतर मैदान वाळलं की पहिला आठवडा फक्त स्ट्राइड्स, स्पाइक (खिळ्यांचे बूट) दुसऱ्या आठवड्यात बाहेर काढा.